नावं ठेवायला जागा

सून चहाचा कप दोन हातांनी उचलायला लागली, हे घरात सगळ्यात आधी बाबांच्या लक्षात आलं.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "गारठा पडलाय ना, हात शेकत असेल." चाळीस वर्षं बाबांनी हॉस्पिटलच्या तळघरातल्या कारखान्यात हातांसाठी आधार बनवले होते. मोडलेल्या मनगटाला, आखडलेल्या बोटांना, टाके घालून जोडलेल्या अंगठ्याला. तिथं त्याला स्प्लिंट म्हणायचे. शेकणारा हात कपाला बिलगतो, दुखणारा हात कपाखाली जातो, एवढं त्यांना कळत होतं. सुनेचा डावा हात कपाखाली होता.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामाला गेल्यावर त्यांनी चहा केला, कप तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "मुंग्या कधीपासून येतात?"

"कसल्या मुंग्या, बाबा?"

"साखरेच्या नव्हे. हाताच्या."

ती हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "दोन महिने झाले. सकाळी उठते तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझं नसतंच. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कपानं."

सुनेचं काम ऐकून टाइप करायचं होतं. मागच्या खोलीत ती कानाला हेडफोन लावून बसायची. दूर कुठल्याशा वर्गात शिक्षक बोलत, ते ती बोलण्याबरोबर टाइप करायची, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासमोर ते पडद्यावर उमटायचं. तीन वर्षं तिच्याकडे एकच विद्यार्थिनी होती. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती, म्हणून घरात सगळे तिला वकीलसाहेब म्हणत. दोघींची कधी भेट झाली नव्हती. पण सून नुसता धडा टाइप करायची नाही. मागच्या बाकावर कुणी मोठ्यानं जांभई दिली, सरांच्या हातातला खडू मोडला, कुणी हळूच टोमणा मारला, तेही ती कंसात घालायची. वर्ग संपला की वकीलसाहेबांचा निरोप यायचा, "आज सगळ्यांबरोबर हसले." सगळे हसून झाल्यावर नव्हे, सगळ्यांबरोबर. त्या एका ओळीवर सुनेचा दिवस चांगला जायचा.

आता ऑफिसनं कळवलं होतं की वेग उतरलाय, चुका वाढल्यात. महिनाअखेरीला एका वर्गात तासभर तपासणी होईल. त्यात निभावलं तर ठीक, नाहीतर वकीलसाहेबांना मशीन देणार. मशीन बोलणं ऐकून आपोआप लिहायचं. जांभया त्याला ऐकू येत नव्हत्या.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दोन महिने टायपिंग बंद."

"आणि तू काय म्हणतेस?"

"तिची परीक्षा चार महिन्यांवर आलीय, बाबा."

बाबा उठले आणि मागच्या खोलीत जाऊन तिचा कीबोर्ड पाहून आले. सपाट, सरळ, पाट्यासारखा. त्यांनी त्यावर आपले दोन्ही हात ठेवून पाहिले. कोपरं अंगाजवळ आली, मनगटं बाहेर मुडपली, करंगळ्या ताणल्या गेल्या.

"हा हातासाठी केलेलाच नाही," ते म्हणाले. "हा टेबलासाठी केलाय."

संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर त्यांनी त्याला सांगितलं, आपण हिच्यासाठी एक बनवायचा. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. तारा आणि स्विच म्हणजे त्याचं रोजचंच काम. तो म्हणाला, "बाबा, दोन भागांतले कीबोर्ड तयार मिळतात हो. खास हात दुखू नयेत म्हणून केलेले."

"कुणाच्या मापाचे?"

"कुणाच्या म्हणजे... माणसाच्या."

"हं. माणूस नावाचा पेशंट माझ्याकडे एकदाही आला नाही."

मुलानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं डोळ्यांनीच सांगितलं, करू दे. बाबांना ते दिसलं, पण त्यांनी पाहिलं नाही असं केलं.

बाबांची बायको जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून हत्यारांची पेटी पलंगाखालून निघाली नव्हती. ती त्यांनी ओढून उघडली. वरच्या खणात शिवलेल्या पट्ट्यांची एक गुंडाळी होती. बायको त्याच कारखान्यात पट्टे शिवायची. लग्न तिथंच जमलं होतं. आणि खालच्या खणात एक लिपस्टिक होती.

ती नटायची नव्हती, कामाची होती. स्प्लिंट घातल्यावर पेशंटला विचारलं, "लागतंय का?" तर तो हटकून म्हणायचा, "नाही, छान आहे." पांढरा कोट घातलेल्या माणसाला कोण नाही म्हणणार? मग बायको शिवणयंत्रावरून उठून यायची. पेशंटच्या मनगटाच्या हाडावर, अंगठ्याच्या बुडाशी लिपस्टिकचे ठिपके द्यायची, स्प्लिंट चढवायची, हात चार वेळा हलवायला लावायची आणि काढायची. जिथं लागत असेल तिथं आत लाल डाग. "माणसाला भीड पडते," ती म्हणायची, "लिपस्टिकला नाही पडत." आणि मग सगळ्यांसमोर नवऱ्याला, "अहो, हा हात आहे, दाराची कडी नव्हे. घासा इथं."

तिच्याइतकी नावं त्यांच्या कामाला कुणी ठेवली नव्हती. घरी केलेला स्टूल डुगडुगतो, फळी उताराला लागलीय, खिळा भिंतीत मारलाय की भिंतीला मारलंय. बाबा चिडायचे, धुसफुसायचे, आणि मग घासायचे.

पेटीतली लिपस्टिक वाळून खडा झाली होती. बाबांनी ती बाजूला ठेवली. इतक्या वर्षांची नजर आहे, तिच्याशिवाय जमेल, असं त्यांना वाटलं.

माप घ्यायला सून आली ती केस बांधून, ओढणी नीट करून. खुर्चीवर पाठ ताठ, पाय जुळवलेले, हात कागदावर. बाबांनी पेन्सिल बोटांभोवती फिरवली. मधलं बोट किती लांब, करंगळी किती आखूड, अंगठा सैल सोडला तर कुठं पडतो, सगळ्या खुणा केल्या. मग गरम पाण्यात मऊ होणारा प्लास्टिकचा पत्रा तिच्या तळहातावर दाबून दोन साचे घेतले.

"चटका बसतोय का?"

"नाही बाबा."

"दुखतंय?"

"नाही. छान वाटतंय."

पुढचे बारा दिवस जेवायच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. आधी पुठ्ठ्याचे नमुने झाले, मग लाकूड आलं. बाबांनी कीबोर्डचे दोन भाग केले, एक डाव्या हाताचा, एक उजव्या. प्रत्येक बोटाची बटणं त्या बोटाच्या लांबीप्रमाणे वर किंवा खाली घेतली. मधल्या बोटाची रांग वर, करंगळीची पार खाली, जसा हात पडतो तशी. अंगठ्याची बटणं वेगळ्या ठोकळ्यावर. तळहाताखालच्या गाद्या वेगळ्या. उतार कमीजास्त करायला स्क्रूचे पाय. सगळं सुटं, लोहचुंबकानं एकमेकांना धरणारं.

"एवढे तुकडे कशाला?" मुलानं विचारलं. तो हातात सोल्डरिंगची सळई घेऊन एकेका स्विचला तार जोडत होता. एकेक स्विच बाबांनी निवडून आणला होता, बोटाला हलका लागणारा.

"एकसंध केलं आणि एक जागा चुकली तर सगळं फेकावं लागतं. सुटं केलं तर चूक त्या तुकड्यापुरती."

"हे आईचं वाक्य आहे."

"मग? माझं आहे म्हणालो का मी?"

दोघं हसले. पत्नीची आठवण निघाली आणि हसू आलं, असं बऱ्याच दिवसांनी झालं होतं. बाबांनी पटकन लाकडाचा भुसा फुंकला.

तेराव्या दिवशी कीबोर्ड पुरा झाला. बाबांनी तो तेलाच्या फडक्यानं पुसला, मागच्या खोलीतल्या टेबलावर मांडला आणि सुनेला हाक मारली. ती बसली. पाठ ताठ, पाय जुळवलेले. हात ठेवले आणि दोन ओळी टाइप केल्या. जुन्याचा आवाज चटचट असा पातळ होता, नव्याचा टक टक, भरीव, लाकडात मुरणारा.

"बाबा," ती म्हणाली, "नावं ठेवायला जागाच नाही."

"अगं पण नाव तर ठेवायलाच हवं," मुलगा म्हणाला. "असले हातानं बनवलेले कीबोर्ड असतात ना, लोक त्यांना नावं ठेवतात. मी वाचलंय. कुणी पक्ष्याचं, कुणी नदीचं."

"ठेवू की. सावकाश ठेवू," सून म्हणाली.

बाबांना आनंद झाला. पण रात्री अंथरुणावर पाठ टेकताना काहीतरी टोचल्यासारखं वाटलं. नावं ठेवायला जागा नाही असं काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. मग म्हटलं, म्हातारपणी हात सुधारला असेल.

पुढचे आठ दिवस ते मजेत होते. वर्ग सकाळी दहाचा असायचा. घर शांत राहावं म्हणून बाबा त्या वेळी फिरायला बाहेर पडत ते बाराला परत येत. दुपारी सून सराव करायची, तेव्हा ते बाहेरच्या खोलीत डोळे मिटून बसायचे आणि तो भरीव आवाज ऐकायचे. टक टक, टक टक. "कसा आहे हात?" विचारलं की ती म्हणायची, "खूप फरक आहे, बाबा." आणि चहाचा कप एका हातानं उचलून दाखवायची.

दाखवायची, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

तपासणीला पाच दिवस राहिले होते. बाबा सकाळी बाहेर पडले आणि कोपऱ्यावर गेल्यावर कळलं की चष्मा घरीच राहिला. परत आले, आवाज न करता किल्लीनं दार उघडलं, आणि बूट काढता काढता थांबले.

आतून चटचट आवाज येत होता. पातळ, घाईचा, जुना.

मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. सून खुर्चीवर नव्हतीच. ती जमिनीवर पलंगाला टेकून बसली होती. एक पाय लांब पसरलेला, दुसरा गुडघा उभा, त्या गुडघ्याला हनुवटी लावलेली. केस सुटे. मांडीवर उशी, उशीवर तो जुना सपाट कीबोर्ड, आणि डावं मनगट उशीच्या कडेवरून मुडपून लोंबलेलं. डोळे पडद्याला चिकटलेले. बोटं अशी पळत होती की बाबांनी इतकी वर्षं हात पाहिले, पण असे पाहिले नव्हते. मध्येच तिनं डावा हात झटकला, दातांखाली ओठ धरला आणि पुन्हा सुरू झाली.

नवा कीबोर्ड टेबलावर होता. धूळ बसू नये म्हणून त्यावर स्वच्छ रुमाल घातलेला होता.

बाबा उभे राहिले. आपण कुणाचं माप घेतलं, ते त्यांना कळलं. त्यांनी सासऱ्यासमोर बसलेल्या सुनेचं माप घेतलं होतं. ताठ पाठीची, जुळवलेल्या पायांची, "नाही बाबा, छान वाटतंय" म्हणणारी. ती त्या कीबोर्डवर अगदी बरोबर बसत होती. फक्त ती कधी काम करत नव्हती. काम करणारी ही इथं जमिनीवर होती, आणि तिच्या हाताला त्यांनी पेन्सिलसुद्धा लावली नव्हती.

पाच दिवस. आणि ती वर्गात जुनाच वापरत होती, रोज दोन तास, आणि दुपारी सासऱ्याच्या कानांसाठी ताठ बसून नवा वाजवत होती. दुप्पट टायपिंग. दुखऱ्या हातानं.

ते चष्मा न घेताच बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. वरच्या मजल्यावरची बाई खाली उतरताना म्हणाली, "काका, किल्ली हरवली?"

"नाही हो," बाबा म्हणाले. "दुसरंच काहीतरी. सापडेल."

बारा वाजून गेल्यावर त्यांनी बेल वाजवली. किल्ली असताना. आतून धावपळ ऐकू आली, खुर्ची सरकली, आणि मग, टक टक, टक टक. बाबांना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही.

तिनं दार उघडलं तेव्हा केस बांधलेले होते. बाबा आत आले ते सरळ आपल्या खोलीत गेले. पेटीतला लिपस्टिकचा खडा त्यांनी हातात घेतला, नखानं खरवडून पाहिला. रंगच सुटेना. मग त्यांनी कपाट उघडलं. बायकोची पर्स खुंटीवर होती तशीच होती. आत रुमाल, दोन सुया, आणि तिची रोजची लिपस्टिक.

ती त्यांनी उघडून पाहिली. टोक एका बाजूनं तिरकं झिजलेलं होतं. ती आरसा न पाहताच लावायची, दारातून बाहेर पडताना, नेहमी एकाच बाजूनं. त्या तिरकसपणात तिचा ओठ होता. बाबा थोडा वेळ ते धरून बसले. मग टोपण लावलं आणि उठले.

सून स्वयंपाकघरात होती. त्यांनी लिपस्टिक तिच्यापुढे ठेवली.

"ही आईंची," ती दचकून म्हणाली.

"हो. पेशंटच्या हाताला ठिपके कसे द्यायची ते तुला सांगितलं होतं का तिनं?"

"नाही."

बाबांनी सांगितलं. कारखाना, पांढरा कोट, लाल डाग, दाराची कडी. शेवटी म्हणाले, "अगं, ती गेल्यापासून माझ्या कुठल्याच कामाला कुणी नावं ठेवलेली नाहीत. भाजी करपली तरी छान. फळी वाकडी ठोकली तरी छान. मी काय आजारी आहे? की पाहुणा आहे?"

सून खाली मान घालून हळूच म्हणाली, "आई शेवटी मला म्हणाल्या होत्या, यांना सांभाळ."

"आणि सांभाळणं म्हणजे छान छान म्हणणं?"

"मग काय करायचं असतं?"

"ती मला बोलणी खायला घालून सांभाळायची." बाबांनी खुर्ची ओढली आणि बसले. "मी मघाशी चष्मा न्यायला आलो होतो."

तिनं वर पाहिलं. तिचे कान लाल झाले. "बाबा, मी..."

"काही बोलू नकोस. तू चुकली नाहीस. मी भिडेचं माप घेतलं, हाताचं घेतलंच नाही. आता पुन्हा घ्यायचंय. तू जशी बसतेस तशी बस."

"तुमच्यासमोर? पाय पसरून?"

"मी पाठ करून बसतो."

आणि ते खरंच तसे बसले. मागच्या खोलीत कपाटाकडे तोंड करून, स्टुलावर, मांडीवर वही, हातात पेन्सिल. मागं ती जमिनीवर टेकली, ते त्यांनी आवाजावरून ओळखलं. टोपण निघाल्याचा आवाज आला.

"कुठं लावू?"

"मनगटाच्या हाडावर. तळहाताच्या टाचेला. बोटांच्या शेवटच्या पेरांना. अंगठ्याच्या कडेला. हात आखडता घेऊ नकोस, भरपूर लाव."

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. बाबांना कळलं ती काय पाहत असेल. "टोक तिरकं आहे ना," ते कपाटाला म्हणाले. "असू दे. लाव."

तिनं लावली. उशीवर नवा कीबोर्ड घेतला. परवाच्या वर्गाचं बोलणं मोबाइलवर सुरू केलं आणि टाइप करायला लागली. टक टक आवाज अडखळत आला, थांबला, पुन्हा आला.

"बोल," बाबा म्हणाले.

"डावीकडची गादी... थोडीशी उंच आहे."

"थोडीशी म्हणजे?"

"बरीच."

"लिहिलं. पुढे."

"एकटी असताना मी खाली बसून याच्यावर करून पाहिलंय. पाय पसरला की डावा भाग घसरतो. मग मी हनुवटीनं धरते."

"हनुवटीनं?"

"मग काय करणार? तिसरा हात दिलाय का तुम्ही?"

तिनं बहुतेक जीभ चावली असावी. बाबांचे खांदे हलायला लागले. त्यांना हसू आवरेना. ते हसताहेत हे कळल्यावर मागून बांध फुटल्यासारखं झालं.

"आणि ही अंगठ्याची बटणं! ही कुणाच्या अंगठ्यासाठी केलीत, माकडाच्या? सगळी इतकी आत, इतकी आत की अंगठा दुमडून कुबड्यासारखा चालतो. आणि ही करंगळीची रांग. खाली घेतलीत ते बरोबर, पण मी वाकडी बसते, तेव्हा ती खाली नसते, ती बाहेर असते. आणि हे स्क्रूचे पाय उशीत रुततात, दोन उशा फाटल्या, मी शिवून ठेवल्यात. आणि ते तेल! किती वास येतो त्या तेलाचा, शी! आठ दिवस माझे हात दाराच्या बिजागरीसारखे वास मारताहेत, बाबा!"

"हळू, हळू. लिहू दे."

ते लिहीत होते. अक्षरं मोठी, वेडीवाकडी पडत होती, कारण चष्मा लावायचा अजूनही राहिलाच होता आणि डोळे भरून आले होते. पाठ करून बसल्यामुळे ते तिला दिसलं नाही. तिचं हसता हसता रडू झालं होतं, तेही त्यांना दिसलं नाही. दोघांचीही सोय झाली.

शेवटी त्यांनी वळून पाहिलं. तेल लावून गुळगुळीत केलेलं ते लाकूड लाल डागांनी भरलं होतं. गाद्यांवर, अंगठ्याच्या ठोकळ्याच्या बाहेरच्या कडेवर, जिथं बटणंच नव्हती तिथं रिकाम्या लाकडावर. त्या रिकाम्या जागेवरचे ठिपके त्यांनी जवळ जाऊन पाहिले. बोट कुठं जायला बघत होतं, ते तिथं लिहिलेलं होतं. लिपस्टिकचं टोक झिजून बोथट झालं होतं, गोल. तिरकसपणा गेला होता.

"संपली की हो जवळजवळ," सून म्हणाली. "मी फारच लावली."

"त्यासाठीच होती," बाबा म्हणाले.

संध्याकाळी मुलगा घरात शिरला आणि टेबलावरचा लाल झालेला कीबोर्ड पाहून दारातच थांबला. "काय झालं? कुणाचा हात कापला?"

"बस," बाबा म्हणाले. "सळई तापत घाल. अंगठ्याचे दोन्ही ठोकळे दोन बोटं बाहेर जाणार. तारा लांबव."

"मी तुम्हाला म्हणालो होतो ना आधीच, की..."

"तू काही म्हणाला नव्हतास. तूही छानच म्हणाला होतास."

तीन दिवस पुन्हा टेबलावर जेवायला जागा नव्हती. पण सगळं नव्यानं करावं लागलं नाही. स्विचच्या रांगा तशाच राहिल्या, फक्त करंगळीच्या रांगेचा तुकडा वळवला. गाद्या नव्या केल्या, डावी बुटकी, उजवी लांब. स्क्रूचे पाय काढून टाकले. डाव्या भागाखाली मांडीच्या गोलाईचा साचा बसवला आणि तो मांडीला बांधायला पट्टे लागले, तेव्हा बाबांनी पेटीतली गुंडाळी सोडली. दुहेरी टाक्याचे, कडा मुडपलेले, बायकोच्या हातचे शेवटचे पट्टे. दोन पुरले. तेलाऐवजी नुसता मऊ कागद फिरवला. रोज दुपारी सून जमिनीवर बसून टाइप करायची आणि बाबा स्टुलावर पाठ करून. दुसऱ्या दिवशी ते अर्धेच वळले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता कपाटाकडे काय बघताय, इकडे बघा, हे इथं लागतंय," आणि ते वळून तिच्यासमोर जमिनीवरच बसले. तिनं पाय आवरला नाही.

तपासणीच्या दिवशी बाबा फिरायला गेले नाहीत. बाहेरच्या खोलीत पेपर उलगडून बसले. दहाला टक टक सुरू झालं. सुरुवातीला जपून, मग सलग, मग इतकं एकसारखं की ऐकू येईनासं झालं. मध्ये एकदा थांबलं. बाबांनी पेपर खाली ठेवला. मग आतून तिचं हसू ऐकू आलं आणि लगेच टक टक पुढे सुरू झालं. वर्गात काहीतरी विनोद झाला असावा, तो कंसात गेला.

त्या दिवशी वर्ग तासाभराचाच होता. अकराला आवाज बंद पडला. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. बाबांनी उठून चहा टाकला, कारण काहीतरी करायला हवं होतं.

ती बाहेर आली ती केस मोकळे, हनुवटीवर गुडघ्याचा वळ. "राहिलं," ती म्हणाली. "काम माझ्याकडेच राहिलं. चुका किती कमी, ते त्यांनी दोनदा मोजलं म्हणे."

बाबांनी मान हलवली. तिनं मोबाइल पुढे केला. वकीलसाहेबांची ओळ आली होती. "आज सगळ्यांबरोबर हसले. एकदा तर सगळ्यांच्या आधी."

तिनं कप एका हातानं उचलला. या वेळी दाखवला नाही, नुसता उचलला. एक घोट घेतला, थांबली, आणि कप खाली ठेवला.

"बाबा, एक सांगू?"

"सांग की. करंगळीचं बटण ना? मलाही वाटतंय, अजून जरासं..."

"करंगळीचं आहेच. पण ते नव्हे. चहा." तिनं कपाकडे बोट केलं. "किती साखर घालता हो तुम्ही! आठ महिने मी हा पाक पितेय."

बाबांनी साखरेच्या डब्याकडे पाहिलं. तीन चमचे. बायकोला तीन लागायचे. हात आपोआप तेवढंच माप घेत आला होता, रोज, कुणालाही न विचारता.

"तुला किती लागते?" त्यांनी विचारलं.

"अर्धा."

"अर्धा," बाबा म्हणाले. त्यांनी तिचा कप स्वतःकडे ओढून घेतला, वही उघडली, करंगळीच्या नोंदीखाली ते लिहिलं, आणि दुसरा चहा टाकायला उठले.